रक्तातला हिशेब

मागच्या सेमिस्टरला एनएसएसचं रक्तदान शिबिर झालं, तेव्हाची गोष्ट. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ते पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. त्याची सापेक्ष घनता १.०५३ ठेवलेली असते. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे आत जा, आडवे व्हा, रक्त द्या, बिस्किटाचा पुडा घ्या. तरंगला तर आल्या पावली परत. माझा थेंब तरंगला. माझ्या मागे उभ्या असलेल्या रूमपार्टनरचा मात्र दगडासारखा तळाला गेला.

आता हा रूमपार्टनर म्हणजे आमच्या विंगचा टॉपर. वर पहाटे उठून ग्राउंडला दहा राउंड मारणारा. रात्री मेसमध्ये साहजिकच विषय निघाला. "याचं मशीनच वेगळंय रे! आपण कितीही घासली तरी आपला थेंब वरच." सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर तेव्हा माझी एम-थ्रीची केटी दुसऱ्यांदा राहिली होती, आणि ते वाक्य मला गमतीचं नाही, सोयीचं वाटलं. पुढचे आठ-दहा दिवस मी पुस्तक उघडलंच नाही. मशीनच वेगळं असेल तर घासून उपयोग काय?

त्याच दिवसांत लायब्ररीत टाइमपास करताना एका फिनिश माणसाबद्दल वाचनात आलं, ज्याचं 'मशीन' खरोखरच वेगळं होतं. म्हणजे मेसमधल्या गप्पांतलं वेगळं नव्हे, शास्त्रज्ञांनी तपासून, छापून सिद्ध केलेलं वेगळं. मग मिळेल ते वाचत गेलो. त्या माणसाचं नाव एरो मॅन्त्युरान्ता. उच्चाराबद्दल जाणकारांनी माफ करावं, फिनिश जिभेला जे जमतं ते आपल्या जिभेला पहिल्या झटक्यात जमत नाही. फिनिश भाषेत 'मॅन्त्यु' म्हणजे पाइनचं झाड आणि 'रान्ता' म्हणजे किनारा. आपल्याकडच्या आडनावात गाव किंवा धंदा असतो, यांच्यात झाडं आणि तळी.

एरोचा जन्म २० नोव्हेंबर १९३७ चा. गाव लांकोयार्वी, पेल्लो नावाच्या तालुकावजा भागातलं. फिनलंडच्या अगदी उत्तरेकडे, लॅपलंडमध्ये, आर्क्टिक वर्तुळाच्या जवळ. पेल्लोच्या कडेने नदी वाहते आणि नदीपलीकडे स्वीडन. या मुलखात वर्षातले कितीतरी महिने जमीन दिसत नाही, बर्फच दिसतो. तिथल्या पोरांना स्की म्हणजे खेळ नव्हे, वाहन. आपल्याकडे गावातलं पोरगं सायकल शिकतं तसं तिथे स्की शिकतात, आणि गोठलेलं तळं ओलांडायचं तर स्कीवरूनच. मोठा झाल्यावर एरो सीमासुरक्षा दलात लागला. तिथल्या जवानांची गस्तही हिवाळ्यात स्कीवरूनच. म्हणजे नोकरी हाच सराव आणि सराव हीच नोकरी.

इथे थोडं थांबून क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी स्कीइंग पाहिलंय ते टीव्हीवर, डोंगरावरून सुसाट खाली येणारं. हे ते नव्हे. इथे चढही आहे, सपाटीही आहे, उतारही आहे, आणि चढावर ढकलायला फक्त स्वतःचे पाय आणि हातातल्या दोन काठ्या. एरोच्या काळात पल्ला १५, ३० किंवा ५० किलोमीटर असे. बर्फावरची मॅरेथॉनच म्हणा ना. त्या काळात वैयक्तिक शर्यतीत सगळे एकदम सुटत नसत. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने एकेकाला सोडत आणि शेवटी घड्याळाचा हिशेब. त्यामुळे माणूस बहुतेक वेळ एकटाच धावतो. शेजारी प्रतिस्पर्धी नाही, आपण पुढे आहोत की मागे हे कळायचं तर वाटेत उभा असलेला आपला माणूस ओरडून सांगेल तेवढंच.

मेकॅनिकलवाल्यांसाठी यात एक झकास गंमत आहे. स्की पुढे घसरली पाहिजे, पण पायाने रेटा देताना मागे घसरता कामा नये. एकाच फळीकडून दोन उलट मागण्या! उपाय असा की फळीला मधोमध वर उचललेला बाक ठेवतात आणि त्या मधल्या भागाला पकड घेणारं मेण लावतात. दोन्ही पायांवर वजन विभागलेलं असताना मधला भाग बर्फाला नीट टेकत नाही, फळी घसरते. एका पायावर सगळं वजन टाकून रेटा दिला की बाक दबतो, मेण बर्फाच्या कणांत रुतून बसतं, क्षणभर स्थितिक घर्षण मिळतं आणि माणूस पुढे फेकला जातो. मेण कोणतं लावायचं हे त्या दिवसाचं तापमान आणि बर्फ जुना की ताजा यावर ठरतं. मेण चुकलं तर जगज्जेताही चढावर मागे घसरतो. एरोच्या काळातल्या स्की लाकडाच्या होत्या. फायबरच्या स्कींनी त्यांची जागा घेतली ती १९७० च्या दशकात.

आता कारकीर्द. पहिलं ऑलिंपिक १९६० चं, अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीला (२०२१ मध्ये तिथल्या स्की-केंद्राचं नाव बदलून पॅलिसेड्स टाहो झालं). एरो बावीस वर्षांचा. चार गुणिले दहा किलोमीटरच्या रिले शर्यतीत तो फिनलंडकडून दुसऱ्या टप्प्याला धावला. शेवटच्या टप्प्याला होता वेइक्को हाकुलिनेन, वय पस्तीस, फिनलंडचा त्या वेळचा सगळ्यात मोठा स्कीपटू. तो निघाला तेव्हा नॉर्वेचा माणूस चांगला पुढे होता. हाकुलिनेनने अंतर तोडत तोडत शेवटाला त्याला गाठलं आणि फिनलंड जिंकलं, ०.८ सेकंदाने! चार माणसं, चाळीस किलोमीटर, आणि फरक एका सेकंदापेक्षा कमी. एरोच्या खात्यावर पहिलं सुवर्ण जमा झालं, पण ती शर्यत लोकांच्या लक्षात राहिली हाकुलिनेनच्या नावाने.

दोन वर्षांनी पोलंडमधल्या झाकोपानेच्या जागतिक स्पर्धेत एरोने ३० किलोमीटर जिंकलं. आणि मग आलं १९६४, इन्सब्रुकचं ऑलिंपिक. त्या हिवाळ्यात ऑस्ट्रियात बर्फच पडेना. शेवटी लष्कराच्या जवानांना कामाला लावून डोंगरावरून बर्फ वाहून आणावा लागला. क्रॉस-कंट्रीच्या शर्यती जवळच्या सीफेल्ड गावात होत्या, सुमारे १२०० मीटर उंचीवर. एरोने ३० किलोमीटर जिंकलं, मग १५ किलोमीटरही जिंकलं. रिलेत फिनलंडला रौप्य मिळालं. तेव्हापासून त्याचं टोपणनावच पडलं 'मिस्टर सीफेल्ड'.

आकडे देतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. १५ किलोमीटरला त्याची वेळ ५० मिनिटं ५४.१ सेकंद. दुसरा आलेला नॉर्वेचा हाराल्ड ग्रोन्निंगेन ५१ मिनिटं ३४.८ सेकंद. फरक ४०.७ सेकंदांचा. त्या मानाने दुसरा आणि तिसरा यांच्यात फरक जेमतेम साडेसात सेकंद. म्हणजे बाकीचे सगळे एका घोळक्यात आणि हा एकटाच कुठेतरी पुढे. त्याच्या सरासरी वेगाने ४० सेकंद म्हणजे सुमारे दोनशे मीटर. ३० किलोमीटरला तो फरक ७१.६ सेकंदांचा होता, आणि तिथेही दुसरा बिचारा ग्रोन्निंगेनच.

(जाता जाता: ३० किलोमीटरचा त्याचा सरासरी वेग १५ किलोमीटरपेक्षा जास्त निघतो. मला आधी वाटलं कॅल्क्युलेटर चुकला. पण बर्फ रोज बदलतो, मार्गाचे चढ-उतार बदलतात. म्हणून या खेळात एका शर्यतीची वेळ दुसऱ्या शर्यतीशी लावून बघण्यात अर्थ नसतो. तुलना करायची तर त्याच दिवशी त्याच बर्फावर धावलेल्यांचीच.)

इतका मोठा फरक दिसला की कुजबुज सुरू होते. एरोच्या बाबतीतही झाली. त्याचं रक्त तपासलं की हिमोग्लोबिन भलतंच जास्त निघायचं. आपल्याकडे लॅबच्या रिपोर्टवर धडधाकट पुरुषाचं १४-१५ लिहून येतं, साडेसतराच्या पुढे गेलं की डॉक्टर भुवया उंचावतात. एरोचं वीसच्या वर. मग दुसऱ्याचं रक्त चढवलं असेल, काहीतरी औषध घेतलं असेल, असे तर्क. आज आपण ज्याला ईपीओ म्हणून ओळखतो ते इंजेक्शन तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. ते औषध म्हणून बाजारात आलं १९८० च्या दशकाच्या अगदी अखेरीस. पण रक्त चढवणं तेव्हाही अशक्य नव्हतं, त्यामुळे शंकेला जागा होती.

उत्तर मिळायला १९९३ साल उजाडलं. आल्बर्ट द ला शापेल या फिनिश आनुवंशिकी-तज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एरोच्या घराण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभराच्या आसपास नातेवाईक तपासले. त्यांतल्या सुमारे तीस जणांत हेच जास्तीचं हिमोग्लोबिन. एका माणसाने औषध घेतलं असेल, पण आजोळ-पणजोळासकट अख्ख्या खानदानाने घेतलं, असं कोण म्हणणार?

आता हे घडतं कसं, ते समजून घेऊ. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, कारण ही सरळसरळ आपल्या कंट्रोल सिस्टीम्सची गोष्ट आहे. रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय असं मूत्रपिंडाला जाणवलं की ते एरिथ्रोपॉयटिन (ईपीओ) नावाचं संप्रेरक सोडतं. ते जातं हाडांच्या मगजात. तिथल्या पेशींवर त्यासाठी खास 'कान' असतात, ज्यांना रिसेप्टर म्हणतात. कानावर निरोप पडला की पेशी कामाला लागतात आणि लाल पेशी तयार होतात. एक लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. लाल पेशी वाढल्या, ऑक्सिजन पुरेसा झाला, की मूत्रपिंड ईपीओ कमी करतं. निगेटिव्ह फीडबॅक. आपल्या हॉस्टेलच्या टाकीतला फ्लोट हेच करतो, निदान तो चालू असतो त्या दिवशी.

पण या साखळीत आणखी एक छोटा ब्रेक आहे, आणि तो त्या रिसेप्टरमध्येच बसवलेला असतो. निरोप ऐकून झाला, की रिसेप्टरच्या पेशीतल्या बाजूचं शेपूट एका प्रथिनाला बोलावतं आणि ते येऊन संदेश बंद करतं. एरोच्या घराण्यात या रिसेप्टरच्या जनुकात एका जागी एक अक्षर बदललेलं होतं: 'जी'च्या जागी 'ए'. एवढाच बदल. पण त्यामुळे जिथे ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल जोडायचं, तिथे 'थांबा' असा हुकूम तयार झाला. प्रोग्रॅम लिहिताना फंक्शनच्या मधेच चुकून रिटर्न टाकला की पुढच्या ओळी चालतच नाहीत, तसं. रिसेप्टरची शेवटची ७० अमिनो आम्लं बनलीच नाहीत. म्हणजे नेमकं ते शेपूट गेलं ज्यावर ब्रेक होता. कान शाबूत, ब्रेक गायब. थोडासा निरोप आला तरी पेशी बराच वेळ कामच करत राहतात.

यातला एक धागा विशेष बघण्यासारखा आहे. या लोकांच्या रक्तात ईपीओ जास्त नव्हतं, उलट कमीच किंवा फार तर नेहमीएवढं होतं. मूत्रपिंड बिचारं आपलं काम चोख करत होतं, "पुरे, पुरे" म्हणत होतं. निरोप धाडणारा ठीक आहे आणि तरी माल जास्त येतोय, तर दोष निरोप घेणाऱ्यात असला पाहिजे. व्हायवाला फॉल्ट शोधायला सांगतात तेव्हा आपण हाच विचार करायचा असतो (आणि नेमका तेव्हाच सुचत नाही).

तर असं हे मशीन. त्याने एरोला किती फायदा झाला असेल? कागदावर सोपा हिशेब आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरून ठेवतं. लिटरभर रक्तात १५० ग्रॅम असेल तर २०१ मिलिलिटर. २०० ग्रॅम असेल तर २६८. म्हणजे प्रत्येक लिटर रक्तामागे तेहतीस टक्के जास्त ऑक्सिजन. आणि लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये पाय, पाठ, हात सगळंच एका वेळी राबत असल्यामुळे ऑक्सिजन हाच तर कळीचा माल.

इथपर्यंत आल्यावर मी वही मिटून रूमपार्टनरला म्हटलं, "बघ, झालं ना सिद्ध? तेहतीस टक्के! बाकीच्यांनी काय डोंबल करायचं होतं?" त्याने शांतपणे विचारलं, "मग तो जिंकला किती टक्क्यांनी?"

मी हिशेब केला. सीफेल्डला, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात नामी विजयात, ५० मिनिटं ५४ सेकंदांत ४०.७ सेकंद. एक पूर्णांक तीन टक्के.

तेहतीस टक्के आत गेले आणि बाहेर आले एक पूर्णांक तीन. मधले गेले कुठे? प्रामाणिकपणे सांगायचं तर ही वजाबाकी इतकी सरळ नाही. हे रक्त नसतं तर एरो कितवा आला असता हे कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित दहावा, कदाचित पन्नासावा. त्याच्यासमोर उभे असलेले लोकही काही साधे नव्हते. त्यांच्याही अंगात काही ना काही वेगळं असणारच. पण मधले टक्के कुठे झिरपले याचा अंदाज बांधता येतो. हिमोग्लोबिन २०० म्हणजे रक्ताचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग नुसत्या पेशींचा. आपला पंचेचाळीसच्या आसपास. रक्त घट्ट होतं. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये प्वाझच्या सूत्रात व्हिस्कॉसिटी खाली, छेदात बसलेली असते, ते आठवा. रक्त हा काही न्यूटोनियन द्रव नाही, त्यामुळे ते सूत्र इथे जसंच्या तसं लागत नाही, पण दिशा तीच: घट्ट रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लागतो. दुसऱ्या कारणाने एखाद्याचं रक्त इतकं घट्ट झालं तर गुठळी होईल या भीतीने डॉक्टर बाटलीभर रक्त काढून टाकतात. एरोच्या घराण्यात मात्र जन्मापासून तसंच असल्यामुळे म्हणा, हा प्रकार निरुपद्रवी ठरला. १९९३ च्या त्या संशोधनाच्या शीर्षकातच तो शब्द आहे. शिवाय ऑक्सिजन आला तरी तो वापरायला स्नायू तयार लागतात, आणि तयार स्नायूंनाही मेण चुकलेली स्की पुढे नेता येत नाही.

याचा पुरावा खुद्द त्याच्या कारकिर्दीतच आहे. त्याच सीफेल्डला, त्याच आठवड्यात ५० किलोमीटरची शर्यत झाली. रक्त तेच, माणूस तोच, फॉर्म जन्मातला सर्वोत्तम. पल्ला जितका लांब तितका ऑक्सिजनवाल्याचा फायदा जास्त, असं आपल्याला वाटेल. एरोला पदक मिळालं नाही. जिंकला स्वीडनचा सिक्सटेन येर्नबेर्ग, दुसऱ्या दिवशी वयाची पस्तिशी पूर्ण करणारा!

आणि १९६८. ग्रनोबलचं ऑलिंपिक. मधल्या काळात एरोने १९६६ मध्ये ऑस्लोला ३० किलोमीटरचं जागतिक विजेतेपद पुन्हा मिळवलं होतं, ५० किलोमीटरला कांस्यही घेतलं होतं. नॉर्वेतल्या होल्मेनकोलेनची १५ किलोमीटर शर्यत तो तीनदा जिंकला, १९६२, १९६४ आणि १९६८ ला. स्कीइंगच्या जगात होल्मेनकोलेनचा मान ऑलिंपिकच्या बरोबरीने सांगतात, आणि नॉर्वेजियनांच्या घरात जाऊन तीनदा जिंकणं म्हणजे काय ते समजून घ्या. तर ग्रनोबलला ३० किलोमीटरमध्ये पहिला आला फ्रांको नोनेस, चक्क इटलीचा. तोवर या खेळात उत्तरेकडचे देश आणि रशियन यांच्याशिवाय कोणी पुरुषांचं ऑलिंपिक सुवर्ण नेलंच नव्हतं. एरो तिसरा. आणि मग १५ किलोमीटर. एरोची वेळ ४७ मिनिटं ५६.१ सेकंद. ग्रोन्निंगेनची ४७ मिनिटं ५४.२.

हो, तोच ग्रोन्निंगेन. चार वर्षांपूर्वी दोन्ही शर्यतींत एरोच्या मागे राहिलेला. वय तेहतीस. दोनशे मीटरचं अंतर चार वर्षांत भरून काढून वर दहा मीटर पुढे गेला. एक पूर्णांक नऊ सेकंद. एरोची जीन तर तीच होती, ती काही चार वर्षांत झिजत नाही! मी एरोची माहिती शोधायला बसलो होतो, पण खरं सांगू का, ही दोन ओळींची निकालपत्रं वाचल्यावर दोन दिवस माझ्या डोक्यात ग्रोन्निंगेनच होता. १९६४ च्या त्या रात्री त्याने काय विचार केला असेल? एरोच्या रक्तात काय आहे ते तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की एक माणूस आपल्यापेक्षा चाळीस सेकंद लवकर पोहोचतो.

रिलेतलं कांस्य धरून एरोची ऑलिंपिक पदकं सात झाली: तीन सुवर्ण, दोन रौप्य, दोन कांस्य. १९७२ मध्ये साप्पोरोला तो पुन्हा उतरला, ३० किलोमीटरला एकोणिसावा आला. आणि त्याच वर्षाचा एक डागही आहे, तो लपवून लेख गोड करण्यात अर्थ नाही. फिनलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या चाचणीत त्याच्या नमुन्यात अँफेटामिन सापडलं. हे प्रकरण तेव्हा दाबलं गेलं आणि पुढे उघड झालं. अँफेटामिन घेतल्याचं त्याने नाकारलं; हॉर्मोन्स वापरली होती हे मात्र नंतर कबूल केलं, आणि त्या वेळी त्यांवर बंदी नव्हती हेही खरं. म्हणजे १९९३ च्या संशोधनाने रक्ताबद्दलचा संशय धुऊन काढला, पण माणूस काही धुतल्या तांदळासारखा निघाला नाही. मला तरी यामुळे तो जास्त खरा वाटतो. ज्याच्या रक्तातच निसर्गाने एवढं दिलेलं, त्यालाही आणखी काहीतरी हवंसं वाटलं.

आणि जे निसर्गाने त्याला दिलं, ते पुढे इतरांनी विकत घ्यायला सुरुवात केली. ईपीओचं इंजेक्शन आल्यावर सायकलिंग आणि स्कीइंगमध्ये हिमोग्लोबिनचे आकडे चढू लागले. इंजेक्शन पकडण्याची चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने शर्यतीआधी रक्त तपासून हिमोग्लोबिनची कमाल मर्यादाच ठरवली. वर गेलात तर आरोग्याच्या कारणास्तव शर्यतीला उभं राहता येणार नाही. जन्मतःच जास्त असेल तर तसे वैद्यकीय पुरावे देऊन सूट मिळवायची. विचार करा, एरो आणखी चाळीस वर्षांनी जन्मला असता तर हातात फाइल घेऊन दारोदार फिरला असता, आपण स्कॉलरशिपच्या कागदांसाठी फिरतो तसा.

मर्यादा आली की पळवाट आलीच. २००१ मध्ये फिनलंडमधल्या लाहती गावात जागतिक स्पर्धा होती. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. तिथे फिनलंडचे सहा स्कीपटू एका प्लाझ्मा वाढवणाऱ्या द्रावणासाठी पकडले गेले. हे द्रावण शिरेतून दिलं की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि चाचणीत हिमोग्लोबिनचा आकडा खाली दिसतो. केमिकलवाल्यांच्या भाषेत साधं डायल्यूशन. त्यात संघाच्या डॉक्टरी सामानाची एक बॅग पेट्रोल पंपावर विसरली, ती भलत्यांच्या हाती पडली आणि प्रकरण आणखी चिघळलं. ज्या देशात स्कीपटूंचे पुतळे उभारतात त्या देशाला हा धक्का केवढा बसला असेल! पूर्वीच्या पिढीतल्या एकाच्या अंगात जे जन्मतः जास्त होतं, ते पुढच्या पिढीतले पाणी घालून लपवत होते.

घराण्याबद्दल एक गोष्ट राहिली. १९७६ चं ऑलिंपिक पुन्हा इन्सब्रुकला झालं आणि क्रॉस-कंट्रीच्या शर्यती पुन्हा सीफेल्डला. पुरुषांची रिले फिनलंडने जिंकली. त्या चौघांतला एक होता पेर्त्ती तेउरायार्वी, एरोच्या नात्यातला. मेसमध्ये हे सांगितल्यावर लगेच आवाज आला, "बघा, रक्तातच आहे!" मी म्हटलं, घराण्यात जास्त हिमोग्लोबिनचे सुमारे तीस जण सापडले, त्यांतून ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले बोटावर मोजण्याइतके. बाकीच्यांचंही रक्त तेच. ते पेल्लोच्या परिसरात आपापली कामं करत राहिले, लालबुंद चेहऱ्याने.

लाल चेहरा ही त्या रक्ताची खूणच. म्हातारपणी एरो लॅपलंडमध्येच रेनडिअर पाळून राहत होता. २०१३ मध्ये डेव्हिड एप्स्टाइन या अमेरिकन पत्रकाराचं खेळाडू आणि जनुकं या विषयावरचं पुस्तक आलं, त्यात एरोच्या भेटीवर अख्खं प्रकरण आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर एरो गेला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. पेल्लोत त्याचा पुतळा आहे.

हा लेख रूमपार्टनरला वाचायला दिला तेव्हा त्याने प्वाझच्या सूत्राशेजारी पेन्सिलने खूण केली आणि "त्रिज्येचा चौथा घात विसरलास, शिरा रुंद असतील तर?" असं लिहून परत दिला. त्यावर आमचं रात्री दीडपर्यंत भांडण झालं. एम-थ्रीचा फॉर्म मी भरला आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात त्याही चालू आहेत, आणि पुढचं शिबिर २६ जानेवारीला आहे असं एनएसएसच्या बोर्डावर लागलंय.